शंभाकाकांची फुल रेंज

खाणीवरच्या माणसाच्या अंगावर धूळ साचते आणि तोंडात किस्से. दोन्ही कितीही झटका, कमी होत नाहीत!

सुर्ल्याच्या खाणीवर आम्ही ट्रकवाले. लोडिंगची लाइन लागली की चहा पिता पिता सगळ्यांचे मोबाईल एका बॉनेटवर मांडायचे आणि कोणाला रेंज जास्त ते बघायचं, हा आमचा उद्योग. मी माझा नवा कॅमेरावाला फोन ऐटीत ठेवला. एकच काडी! शेजारी शंभाकाकांचा रबरबँड लावलेला जुना डबा. फुल!

"आता रेंजचो फोटो काढ," काका म्हणाले.

झालं! सगळ्यांनी आपापल्या घरी काकांचाच नंबर दिला. फोन वाजला की काका ओरडणार, "कोण होयो?" म्हणजे कोण हवाय, आणि ज्याचा असेल त्याच्या हातात देणार.

* * *

एकदा आमच्यातल्या बबनच्या बायकोने काकांना तेवढंही बोलू दिलं नाही. चतुर्थी तोंडावर आली, गणपतीवर फळाफुलांची माटोळी कोण बांधणार, घर आठवतं तरी का? काकांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"वैनी, सगळा पटला. आता घोवाक देतंय, परत पयल्यापासून सांगा!"

* * *

काकांना स्वतःला मात्र कोणाचा फोन नाही. एकुलती एक मुलगी सुमन त्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न करून इब्रामपूरला गेली. "तू माका मेलंस," असं रागात बोलून बसले होते.

"तुम्हीच करा की फोन!" मी म्हटलं.

"खंयच्या तोंडान करू?"

सिमसुद्धा दुसऱ्या फोनात घालू देत नसत. "तेवढ्यात तिचो इलो तर?" फार वाईट वाटायचं हो.

* * *

बबन एकदा वाट वाकडी करून इब्रामपूरला जाऊन आला. आमच्या बॉनेटवर दोन काड्यांवर न गेलेला त्याचा फोन तिथे फुल, हे त्याने फक्त आम्हाला सांगितलं!

"थंयची रेंज कशी रे?" काकांनी विचारलं.

"शून्य ओ काका! एक काडी येत नाय!"

काका काय खूश झाले! "मगे पोर फोन करतला कसा?" त्या दिवशी सगळ्यांना चहा त्यांच्याकडून.

* * *

चतुर्थीच्या आदल्या दिवशी फोन वाजला. घरच्या ओढीने आम्ही सगळेच पुढे सरकलो.

"हॅलो, कोण होयो?" काका नेहमीसारखे ओरडले.

बबनने हात पुढे केला. काकांनी तो बाजूला सारला आणि फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"मी? तुका मीच होयो?"