साडूंची दहा, मास्तरांची आठ

आठवडाभर मान खाली घालून टाके पाहणारा माणूस रविवारी मान वर करून पक्षी पाहायला जातो, याचं गल्लीला नवल वाटे. टेलरमास्तरांना मात्र त्याचं वेडच होतं. बायको सकाळी देवापुढे बसली की ते गळ्यात जुनी दुर्बीण अडकवून तळ्याकडे निघत. "तुमचा देव तिकडे," ती म्हणे, आणि ते काही खोटं नव्हतं.

तळ्यावर जमणाऱ्या चार-पाच जणांचा एक रिवाज होता. पक्षी ज्याला आधी दिसेल त्याने हळूच सांगायचं, बाकीच्यांनी पाहून घ्यायचं, आणि मग वर्षभर तो पक्षी त्याच्या नावावर. पोस्टमनची पाणकोंबडी, मास्तरांचा खंड्या, असं.

साडूंना तिथे नेलं मास्तरांनीच. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, विमा कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. आल्या आल्या त्यांनी दहापट दाखवणारी नवीकोरी दुर्बीण घेतली आणि बघता बघता निम्मं तळं त्यांच्या नावावर झालं.

"मास्तर, दिसला का? त्या बुंध्याच्या डावीकडे."

"दिसला की," मास्तर म्हणत. दिसलेला नसे.

मग कापड बेतताना साडू, जेवताना साडू. देवाला हात जोडले तरी मिटल्या डोळ्यांपुढे साडूंच्या गळ्यातला तो रुंद पट्टा. लोक देवाकडे आरोग्य मागतात, मास्तर साडूंच्या भिंगांना बुरशी मागत. मागून झालं की लाज वाटे, देवाची माफी मागत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बुरशी.

शाळेच्या गणवेशांच्या हंगामात चार पैसे सुटले. बायको म्हणाली, "घ्या एकदाची. पण एकच वस्तू. आणि भावजींची बघून घेऊ नका, स्वतःला काय हवं ते बघा."

दुकानातल्या बाईंनी तीन गोष्टी काढून ठेवल्या. स्टँडवरचा टेलिस्कोप होता, पण एवढ्या पैशांत स्टँड हलकाच मिळणार, वाऱ्यात डोलणारा. तो बाजूला गेला. मग बारापट दुर्बीण. मास्तरांचा हात आपोआप तिकडेच गेला.

"बारा म्हणजे दहापेक्षा वरचढच ना?"

"आकडा वरचढ. पण हाताची थरथरही बारापट दिसते."

मास्तरांनी डोळ्याला लावली. समोरच्या दुकानाची पाटी पातेल्यात हलणाऱ्या पाण्यासारखी डुचमळत होती. बाई मात्र पाटीकडे नाही, मास्तरांकडे बघत होत्या.

"डावा डोळा अधू आहे का हो?"

"छे. सुईत दोरा ओवायची सवय. नीट बघायचं म्हटलं की एक मिटतोच."

"जुन्या दुर्बिणीतूनही असंच बघता?"

"पहिल्यापासून."

"मग दुसरी नळी आजवर उगाच वाहिलीत."

बाईंनी आठपट दुर्बीण हातात दिली. आधी एका डोळ्यापुरती, मग दुसऱ्या डोळ्यापुरती नीट जुळवून दिली आणि म्हणाल्या, "आता दोन्ही उघडे ठेवा. हट्टाने ठेवा." समोरच्या खिडकीत कबुतर बसलं होतं. ते एकदम भिंतीपासून सुटून पुढे आलं, गोल, भरलेलं, मानेवरचं पीस न् पीस वेगळं. देवाने दोन डोळे दिले होते आणि यांनी एकच वापरला होता. मास्तर गहिवरलेच.

पण आठ. साडूंची दहा. एका हातात बारा, एका हातात आठ धरून ते बराच वेळ उभे राहिले. शेवटी आठ घेतली, पण चेहरा असा की गिऱ्हाइकाचं कापड उलटं कापलं असावं.

रविवारी साडूंनी आकडा वाचलाच. "आठच का हो मास्तर? बजेट आटलं वाटतं."

"आमच्या गल्लीच्या मानाने पुष्कळ झाली," मास्तर म्हणाले. पोस्टमन हसला, साडूही हसले. मास्तरांनी दुर्बीण डोळ्याला लावली.

आणि तेवढ्यात तळ्याकाठच्या वाळक्या गवतात त्यांना तो दिसला. पाणलावा. गवताच्याच रंगाचा, पाठीवर पिवळसर रेघा, लांब चोच खाली टेकवून बसलेला. या तळ्यावर तो आजवर कुणालाच दिसला नव्हता. नुसतं नाव उच्चारलं की तो मास्तरांचा झाला असता.

शब्द ओठांवर आला. पण सांगितलं की साडू दुर्बीण वळवणार, आणि तोच पाणलावा मास्तरांपेक्षा मोठा करून बघणार. तो शब्द मास्तरांनी गिळला.

"तिकडे काही आहे का?" साडूंनी विचारलं.

"नुसतं गवत."

साडू दुसरीकडे बघू लागले. पाणलावा बसून राहिला, मास्तर बघत राहिले. मग तो उडाला.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. चोच, रेघा, गवत. ती समई पुसता पुसता ऐकत होती.

"भावजींना दाखवलात?"

"नाही."

"पोस्टमनला?"

"कुणालाच नाही."

"म्हणजे तो कुणाच्याच नावावर नाही."

"माझ्या नावावर आहे. मी पाहिला ना."

"कोण म्हणतं?" ती म्हणाली, आणि पुन्हा समई पुसू लागली.