टेकायच्या जागा

दप्तराविना शनिवार आला की वरून काहीतरी नवं खूळ येतंच. या वेळी खजिनाशोध आला. कोडी मालन बाईंनी लिहायची, चिठ्ठ्या त्यांनीच लपवायच्या, आणि मुख्याध्यापक विजयसिंह सरांनी वरच्या मजल्यावर मोबाइल घेऊन उभं राहायचं. फोटो पाठवायचे असतात ना! कामाची वाटणी उचगावच्या त्या शाळेत अशीच व्हायची.

बाईंचे गुडघे पार कामातून गेले होते, आणि हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. दिवाळीनंतर चौथीचा वर्ग वरच्या नव्या खोलीत जाणार होता. ज्याला जिना झेपत नाही त्यानं खाली बसून पोषण आहाराच्या नोंदी बघाव्यात, असं सरांनी मीटिंगमध्ये हसत हसत सांगितलं, तेव्हापासून बाई जास्तच जपून वागायला लागल्या होत्या. नाकं पुसण्यापासून भागाकारापर्यंत हा वर्ग त्यांनी पहिलीपासून सांभाळलेला. शेवटच्या वर्षी तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा, या विचारानंच त्यांना रडू यायचं.

सकाळी मुलं यायच्या आधी चिठ्ठ्या ठेवता ठेवता त्या घामाघूम झाल्या. झेंड्याच्या कट्ट्यावर घटकाभर टेकल्या आणि एक चिठ्ठी तिथंच सरकवली. मग टाकीजवळचा दगड, मग पेरूखालचा मोडका बाक. खजिना, म्हणजे चिक्कीचा डबा, सरांनी वरच्या खोलीच्या दाराशी ठेवायला सांगितला होता. अर्ध्या जिन्यात गुडघ्यांनी दगा दिला. बाई वळणावर बसल्या. शेवटी डबा तिथल्याच कुंडीमागं ठेवून कठडा धरत खाली आल्या. सर जाता-येता कुंडीमागं थोडंच बघणार होते.

खेळ तासभर चालेल असा अंदाज होता, पण पोरांनी तो बघता बघता उरकला. सर वर मोबाइल धरून वाट बघत राहिले आणि खाली चिक्की वाटूनही झाली. गलका ऐकून ते तणतणत उतरले. उत्तरं आधीच फोडायची तर खेळ कशाला घ्यायचा, असं त्यांनी सगळ्यांसमोर बाईंना सुनावलं. बाईंनी जिन्याचा कठडा धरला.

दीक्षाला ते सोसवलं नाही. पहिलीत बाईंचा पदर सोडत नव्हती, ती हीच पोरगी.

"बाईनी कायबी सांगितलं न्हाय सर," चिक्की गालात सारून ती म्हणाली. "आमी चिठ्ठ्या वाचल्याच न्हाईत. बाई रोज जितं जितं टेकत्यात, तितं तितं बघितलं. डबा वर नसनार, हे बी म्हाईत हुतं. बाई रोज सुट्टीत जिना चढून बघत्यात की, पन वळनावरच बसत्यात."

साऱ्या वर्गानं माना डोलावल्या.

सरांनी जिन्याकडं पाहिलं, मग बाईंच्या पायांकडं. त्यांचा राग कुठल्या कुठं गेला, आणि तेच बाईंना जास्त लागलं. "सोमवारी बोलू, बाई," एवढंच ते हळू आवाजात म्हणाले.

बाईंना कळायचं ते कळलं. वर्ग आता हातचा गेला. आपलं दुखणं कुणालाच ठाऊक नाही अशा समजुतीत त्या होत्या, आणि इकडं सगळ्या वर्गाला ते पाठ होतं. त्यांनी कठडा सोडला आणि सरांच्या देखत पहिल्याच पायरीवर बसल्या. आजवर सरांसमोर त्या कधी अशा बसल्या नव्हत्या.

दीक्षा शेजारी येऊन बसली. आपल्या वाटणीचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवून तिनं विचारलं, "आता बरं वाटतंय न्हवं, बाई?"

"व्हय गं," बाई म्हणाल्या. खरंच बरं वाटत होतं, आणि रडू काही केल्या आवरत नव्हतं.