वहिनीचा डावा हात आणि सायकलचा ब्रेक

माझी वहिनी दवाखान्याच्या धुलाईघरात वाफेच्या इस्त्रीवर काम करते. चादर ताणून धरायचं काम डाव्या हाताचं. वर्षानुवर्षं ताणून त्या हाताचा अंगठा आत वळला आहे. घरी डबा उघडायचा असला की ती तो मांडीत धरते आणि उजव्या हाताने उघडते. याबद्दल तिने कधी कुरकूर केली नाही. करायला हवी होती, असं माझं मत आहे.

मागच्या वर्षी धुलाईघर टेकडीवर हलवलं. मशिनी न्यायला ट्रक आला. बायकांना न्यायला काहीच नाही. बस पायथ्यापर्यंतच जाते. सुपरवायझर म्हणाला, ज्यांना वेळेवर पोहोचणं जमणार नसेल त्यांनी आत्ताच सांगावं, म्हणजे दुसरं माणूस बघता येईल.

बसमध्ये घडी होणारी सायकल नेऊ देतात, म्हणून वहिनीने ती घ्यायची ठरवली. चढ ती सायकल ढकलत चढणार होती. भीती उताराची होती. उतार संपतो तिथेच मोठा रस्ता आणि त्यावर सुसाट गाड्या. सायकल तिथे थांबलीच पाहिजे.

दुकानात मी, वहिनी आणि तिचा मुलगा गेलो. दुकानदार सगळं माझ्या पुतण्याशीच बोलला. चालवणार कोण, हे एकदाही विचारलं नाही. डिस्क ब्रेक घ्या, एका बोटाने लागतो, पावसातही धरतो. रबरी गुटक्यांच्या ब्रेकचे दिवस गेले. पुतण्या मान डोलावत होता. त्याने सगळं फोनवर पाहून ठेवलं होतं. आईला म्हणाला, एकदाच घ्यायची तर चांगली घे. वहिनीने डिस्क ब्रेकचा डावा दांडा दाबून पाहिला. जेमतेम दाबला गेला.

"उद्या संध्याकाळी येते," ती म्हणाली. "कामाची पाळी संपल्यावर."

"अहो ताई, ब्रेक काय सकाळी वेगळा आणि संध्याकाळी वेगळा लागतो?"

"हात वेगळा असतो."

दुकानदार हसला. 

दुसऱ्या दिवशी ती कामावरून थेट आली. डावा हात सुजलेला, बोटं अर्धवट मिटलेली. डिस्कचा दांडा जागचा हलला नाही. गुटक्यांचाही नाही. पुतण्याने मान खाली घातली. लहानपणापासून त्या हातचं जेवला, पण हात त्याने त्या दिवशी पाहिला.

दुकानदार म्हणाला, "अशा तब्येतीला सायकल हवीच कशाला?"

"तब्येत ठणठणीत आहे तिची," मी म्हणालो. "हात कामाने गेलाय."

"काका, तुम्ही कशाला तापता?"

मी तापणारच होतो. तेवढ्यात आत चाक कसत बसलेला फिटर उठून आला. त्याने वहिनीला दोन्ही हात पुढे करायला सांगितले आणि नीट पाहिले. मग म्हणाला, दोन्ही चाकांच्या ब्रेकच्या तारा उजव्या बाजूच्या एकाच दांड्यात बसवू. तारा वेगवेगळ्या ठेवू, म्हणजे एक तुटली तरी दुसरी धरेल. पण मग सगळा जोर एका हातावर येणार, तेव्हा हलके चालणारे गुटकेच बरे. या डिस्कची तार घडीपाशी वळसे घेते, ती जड जाते. गुटके झिजतील, पावसात जरा आधीपासून दाबावे लागतील. एवढं सांभाळायचं.

असा ब्रेक कंपनीकडून येत नाही, असं दुकानदार पुटपुटला. फिटरने लक्ष दिलं नाही. त्याने दांडा बसवला आणि वहिनीने त्याच थकलेल्या अंगाने सायकल दुकानामागच्या उतारावर नेली. पहिल्यांदा सायकल हवं तिथून बरीच पुढे जाऊन थांबली. फिटरने तारा आवळल्या. नंतर वहिनी सांगेल तिथे ती थांबू लागली.

आता ती रोज जाते-येते. परवा सुपरवायझरने सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. मनात आणलं की सगळं जमतं, म्हणाला. बाकीच्यांनीही अशीच सायकल घ्यावी.

वहिनीने शेजारी उभ्या असलेल्या बाईचा हात धरून वर केला. "हिचे दोन्ही गेलेत," ती म्हणाली. "हिच्यासाठी गाडी बघा."

बघतो, म्हणाला. ती बाई अजून तो चढ चालतच चढते आहे.