पाहुण्यांची दोन मिनिटं

गाव सोडलं त्या दिवशी परंड्याच्या स्टँडवर दादांनी, आमच्या वडिलांनी, माझ्या पिशव्या सीटखाली सरकवल्या आणि कंडक्टरला उगाचच सांगितलं, पोरगी उस्मानाबादला नोकरीला चाललीय. कंडक्टर म्हणाला, आता धाराशिव म्हणा. दादा म्हणाले, तेच ते. मग खाली उतरून खिडकीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "कुणाशी बी बोलताना खाली बघायचं न्हाय." आई स्टँडवर आली नव्हती, तिला बस सुटताना बघवत नाही. तिनं बांधून दिलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बार्शी यायच्या आतच संपली.

गल्लीतल्या तुमच्यातले काही पुण्याला गेले, एकदोघं तर दुबईला. तुमच्या मानानं माझं जाणं म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट. परंडा तालुक्यातून जिल्ह्याच्या गावी, मनात आणलं तर संध्याकाळच्या बसनं परत येता येईल एवढंच. आत्या तर म्हणायची, ही कसली गेली, शेजारच्या खोलीत गेलीय. मलाही तसंच वाटत होतं. राहायला खोली शोधू लागले तेव्हा कळलं की आपण चांगलेच लांब आलोय.

"गावात घर कुठं तुमचं?" असं घरमालकीण गोड आवाजात विचारायची. मी खरं तेच सांगायचे, बुद्धविहाराच्या मागं. मग तिला एकदम आठवायचं की खोलीचा कालच कुणाला तरी शब्द दिलाय. दोन ठिकाणी असं झालं. तिसरीकडे सुमनताई भेटल्या. निवृत्त शिक्षिका, नवरा गेलेला, मुलगा हैदराबादला. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, पाणी जपून वापरशील ना आणि मटण-मच्छी शिजवणार नाहीस ना. आमचं आडनाव मराठ्यांत आणि आमच्यात, दोन्हीकडे चालणारं. त्या काय समजायचं ते समजल्या आणि मी गप्प राहिले. आमच्या प्रत्येक घरात समोरच्या भिंतीवर ज्या दोन तसबिरी असतात, त्या मी कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं चिकटवल्या.

सुमनताईंना एकच वेड, त्यांचं वक्तृत्व मंडळ. दर शनिवारी संध्याकाळी जवळच्या शिकवणी वर्गातली पोरं गेली की तिथंच पंधरा-वीस माणसं जमतात. बँकेतले साहेब, एक वकीलबाई, मेडिकलवाले, स्पर्धा परीक्षेची मुलं. एकाच्या हातात हिरवं, पिवळं आणि लाल कार्ड. लाल वर झालं की उरलेलं वाक्य गिळून खाली बसायचं. दुसऱ्याच्या पुढ्यात घंटी. 'अं' केलं की टिंग. भाषण झालं की मूल्यमापक उठतो. आधी कौतुक, मग एक सुधारणा, मग पुन्हा कौतुक. राजकारण आणि धर्म वर्ज्य. आणि कुणी कसंही बोललं तरी टाळ्या वाजवायच्याच, हा नियम. पहिल्या शनिवारी मला हसू आवरेना. आमच्याकडे कुणी लांबण लावली की मागून कुणीतरी "आवरा की आता" म्हणतं, त्याला कार्ड लागत नाही.

पण महिन्याभरात मी तिथली लाडकी झाले. दिवसभर सीएच्या ऑफिसात जीएसटीचे आकडे भरून डोकं शिणायचं, आणि शनिवारी उभी राहिले की जिवंत झाल्यासारखं वाटायचं. एवढं छान बोलायला शिकलीस कुठं, असं सुमनताई विचारायच्या. शाळेत, असं मी म्हणायचे.

खरं तर शिकले ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर. एप्रिलमधल्या जयंतीला आमच्या गल्लीत ट्रॉली उभी करून स्टेज करतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं. दादा शाळेत शिपाई, वर्षभर घंटा देणारे आणि साहेबांना पाणी देणारे. त्या दिवशी मात्र माईक त्यांचा. उजवा हात वर करून ते "जय भीम" म्हणायचे, अख्खी गल्ली उत्तर द्यायची, मगच भाषण सुरू व्हायचं. दुसरीत असताना मला त्यांनी तिथं उभं केलं. मी हात वर करून म्हटलं तेव्हा माझ्या आवाजालाही गल्लीनं तसंच उत्तर दिलं. घरात, लग्नात, मयतीत, फोनवर, दादांचं बोलणं त्या दोन शब्दांशिवाय सुरू झालेलं मला आठवत नाही.

गेल्या महिन्यात ते डोळे तपासायला आले. शनिवार होता. खोलीत आले, खुर्चीवर बसले, चारी भिंती बघितल्या. मी टॉवेल काढायला कपाट उघडलं तेव्हा दाराच्या आतलं त्यांना दिसलं. टॉवेल घेऊन हातपाय धुऊन आले. चहा पिऊन झाल्यावर विचारलं, भाडं वेळेवर देतीस ना? तेवढ्यात सुमनताई वर आल्या आणि म्हणाल्या, वडिलांनाही आणच आज, आपण पाहुण्यांना शेवटी दोन मिनिटं देतो. दादांचा चेहरा उजळला. त्यांचं बोलणं कुठून सुरू होतं ते मला माहीत होतं.

त्या संध्याकाळी कोण काय बोललं ते मला आठवत नाही. मी आमच्या गल्लीतली पोरगी, आणि माझ्या बापानं तोंड उघडू नये म्हणून देव पाण्यात घालायच्या बेतात बसले होते. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात सामानही बांधलं. पलंग मालकिणीचा, गॅस माझा, दोन पिशव्या आणि बॅग. दुसऱ्या मनाला वाटत होतं, म्हणू देत, एकदाचं होऊन जाऊ दे. सुमनताईंनी नाव पुकारलं. दादा पुढं गेले, घसा साफ केला. हात सवयीनं वर निघाला आणि छातीपाशी थांबला. तिथं त्यांनी दुसरा हात त्याला जोडला.

"नमस्कार," दादा म्हणाले.

पुढं ते फार सुरेख बोलले. मला बसमध्ये बसवलं तो दिवस, तो कंडक्टर, सगळं सांगून माणसं हसवली. घंटी एकदाही वाजली नाही. टाळ्या पडल्या. वकीलबाई त्यांच्या पाया पडल्या, सुमनताई म्हणाल्या, आता कळलं हिच्यात हे कुठून आलं. मी हसत होते आणि टाळ्या वाजवत होते. शाळेत साहेबांपुढंही तो शब्द न सोडणारा माणूस, माझ्या एका खोलीसाठी तो गिळून बसला होता.

सकाळी स्टँडवर मी विचारलं, दादा, तुम्ही काल नमस्कार का म्हणालात? ते बसची पाटी वाचत राहिले. मग म्हणाले, "मला दोन मिन्टं बोलायचं हुतं, बाई. तुला तितं ऱ्हायचंय."

पुढच्या शनिवारी माझं भाषण होतं. विषय साधाच, 'माझे पहिले गुरू'. मी उभी राहिले, हात वर केला आणि म्हणाले, जय भीम. उत्तर आलं नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलानं तेवढी मान वर करून माझ्याकडं बघितलं. घंटीवाला घंटीवर हात ठेवून विचारात पडला, कारण या शब्दाला वाजवायची की नाही ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी ट्रॉलीबद्दल बोलले, दादांबद्दल बोलले, लाल कार्डापर्यंत बोलले. बँकेतले साहेब मूल्यमापक होते. आवाज उत्तम, म्हणाले. सुरुवात मात्र सर्वांना सामावून घेणारी असावी. एकूण भाषण प्रभावी. मग टाळ्या पडल्या. त्या सगळ्यांनाच मिळतात, त्यामुळे त्यांच्यावरून मला काहीच कळलं नाही.

एरवी सुमनताई आणि मी गप्पा मारत घरी येतो. त्या दिवशी त्यांना मेडिकलमध्ये काम निघालं. दोन दिवसांनी जिन्यात भेटल्या, मुलगा कदाचित इकडं बदली करून घेईल, मग वरची खोली लागेल म्हणाल्या, आणि माझ्याकडं न बघता कुंडीला पाणी घालत राहिल्या. कदाचित मुलगा खरंच येणार असेल. बाई वाईट नाहीत, तापात मला त्यांनी खिचडी करून भरवलीय, म्हणूनच जास्त लागतं. तसबिरी मी बाहेरच्या भिंतीवर लावल्यात. खोली तीच आहे, पण आता तिथं झोप बरी लागते आणि भाड्याची तारीख जवळ आली की मी जिन्यातली पावलं ऐकत राहते.

तुम्ही विचारता ना, तिकडं घर झालं का? मला विचाराल तर सांगायला पक्का पत्ता अजून नाही. दादांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांना अभिमान वाटेल, ते शाबास म्हणतील, म्हणून मी कान लावून बसले होते. पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आईनं मागून काय झालं म्हणून विचारलं, तिला ते थांब म्हणाले. मग घसा साफ करून म्हणाले, "ऐतवारी येतो म्या. खोल्या बघू दोघं."