बिनटोपीची सून

माझ्या लग्नातला एक विधी काकूंनी एका फोनवर कॅन्सल केला आणि मला पत्ताही लागू दिला नाही. काकू म्हणजे वडिलांच्या मित्राची बायको. अमेरिकेत, नेपरव्हिलला त्यांच्याच घरी राहून मी शिकले, ऐंशीच्या दशकात नोकरीला लागले आणि ऑफिसातल्या एका स्लोव्हाक घरातल्या मुलाशी लग्न ठरवलं. नागपूरहून आईबाबांना यायला जमलं नाही, तेव्हा कन्यादान काकाकाकूंनीच केलं. त्यांचे उपकार मी विसरत नाही. पण रागही विसरत नाही.

नवऱ्याची पणजी स्लोव्हाकियातल्या खेड्यातून बोटीने आली तेव्हा ट्रंकेत एक टोपी घेऊन आली होती. पांढऱ्या कापडाची, लाल दोऱ्याने भरलेली, मागे नाडी. या घरातल्या बाईचं लग्न त्या टोपीशिवाय पुरं होत नसे. जेवणं झाली की नवरीला खुर्चीवर बसवायचं, घरातल्या लग्न झालेल्या बायकांनी भोवती कडं करून गाणं म्हणायचं आणि सगळ्यात वडील बाईने नवरीच्या डोक्यावरचा फुलांचा मुकुट उतरवून टोपी चढवायची. की झाली ती घरची. आजेसासू, सासू, नवऱ्याच्या आत्या, सगळ्या त्या टोपीखालून गेलेल्या. मला ती टोपी हवी होती. माझा रंग वेगळा, देव वेगळे, जेवण वेगळं. निदान डोक्यावर एक वस्तू तरी त्यांच्यासारखी असावी, एवढंच माझं म्हणणं.

हे सगळं मी मोठ्या कौतुकाने आईला पत्रात लिहिलं आणि तिथेच माती खाल्ली. आईने त्यातलं एवढंच वाचलं, की चार बायका मिळून माझ्या मुलीच्या डोक्यावरची फुलं काढणार. आपल्याकडे बायका जमून एखादीची फुलं उतरवतात ती तिचा नवरा गेल्यावर. आईला घाम फुटला असणार, ते मी समजू शकते. पण मग मला लिहायचं ना! तिने काकूंना लिहिलं. काकूंनी माझ्या सासूला फोन लावला आणि सांगितलं, आमच्या धर्मात हे चालत नाही. कुठल्या धर्मात, कोण जाणे. सासू पडली भिडस्त. आम्ही तुमच्या श्रद्धांचा मान राखतो, म्हणाली आणि टोपी कपाटात गेली.

रिसेप्शन त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये होतं. मुकुट चटकन निघावा म्हणून मी दोनच पिना लावल्या होत्या. जेवणं झाली, केक झाला, नाच झाला. मी आपली खुर्चीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली. लोक कोट चढवायला लागले तेव्हा नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणतो, "तुलाच नको होतं ना?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पार्किंगमध्ये काकूंना गाठलं.

"अगं, मीच कॅन्सल केलं," काकू म्हणाल्या. "तुझ्या आईच्या जिवाला घोर नको. आणि एवढं काय गं त्या टोपीचं?"

दुसऱ्या दिवशी मी आजेसासूकडे गेले आणि सरळ म्हटलं, मला टोपी घाला. ती बटाटे सोलत होती. म्हणाली, "मुकुट उतरतो तिथे टोपी बसते. तुझा तू घरी जाऊन काढलास. आता मी काय उतरवू?" रागाने नाही बोलली. रागाने बोलली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

दोन वर्षांनी धाकट्या दिराचं लग्न निघालं, हॉल तोच. मला सातवा महिना होता आणि बाळंतपणासाठी आई येऊन राहिली होती. गाणं सुरू झालं, बायका कडं करायला लागल्या, मीही पुढे झाले. नवऱ्याच्या आत्याने माझं कोपर धरलं आणि अगदी प्रेमाने मला बाहेर नेऊन कुमारिकांच्या रांगेत उभं केलं. कड्यात फक्त टोपी घातलेल्या बायका, असा त्यांचा नियम. शेजारी बबलगम चघळणाऱ्या चौदा-चौदा वर्षांच्या पोरी आणि मधे माझं पोट. सासूने एकदा बघितलं आणि मान फिरवली.

आई तरातरा आली. "हे काय? माझी पोटुशी मुलगी यांच्यात कशी?"

"तुझ्या पत्रामुळे," मी म्हटलं. गरजेपेक्षा मोठ्याने म्हटलं. "तू नागपुरात बसून उंटावरून शेळ्या हाकल्यास. त्या टोपीशिवाय मी यांची सून नाही, बाहेरची आहे. अजून."

हे काकूंनी तिला कधी सांगितलंच नव्हतं. तिचा चेहरा उतरला. ती रडेल असं वाटलं. खोटं कशाला बोलू, तिने रडावं असंच मला वाटत होतं. ती रडली नाही. तिने माझं मनगट धरलं आणि बायकांना बाजूला सारत मला थेट कड्याच्या मधोमध नेलं. गाणं थांबलं. एव्हाना नव्या नवरीच्या डोक्यावर टोपी चढलेली होती. सकाळी आईनेच माझ्या अंबाड्यात एक पांढरं गुलाबाचं फूल खोचलं होतं. त्याच्यावर बोट ठेवून ती आजेसासूला मराठीत म्हणाली, "हे उतरवा." मग मला म्हणाली, "सांग त्यांना इंग्लिशमध्ये."

मी सांगितलं. नव्या नवरीने आपण होऊन नाडी सोडली, टोपी आजेसासूच्या हातात दिली आणि खुर्ची मला दिली. मी बसले. म्हातारीची बोटं माझ्या अंबाड्यात शिरली तशी आई भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून, हात जोडून उभी राहिली. टोपीची नाडी बांधून होईपर्यंत ती वळली नाही.