डब्यात डोकावणाऱ्या बाई

ईट गावच्या शाळेत आम्हाला विज्ञान शिकवणाऱ्या बाई जेवणाच्या सुट्टीत वर्गभर फिरून एकेकाच्या डब्यात डोकावायच्या. पोरं त्यांना पाठीमागं ‘डबाबाई’ म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं.

नववीत अन्नघटक त्यांनी शिकवले ते आमच्या डब्यांतूनच. भाकरीच्या तुकड्यावर आयोडीनचा थेंब टाकला. तो काळानिळा झाला. “हे पिष्ट. अंगाला ताकद देतं.” शेंगदाणा कागदावर चुरडला, तेलाचा डाग उमटला. मग कुणाची तरी डाळीची वाटी उचलून म्हणाल्या, “आन् ही प्रथिनं. अंग घडतं ते ह्यांच्यानं. नुसत्या भाकरीनं पोट भरतं, बाकी काय न्हाय.”

माझ्या डब्यात रोज भाकरी आणि ठेचा. एकदा त्यांनी विचारलं, “डाळ न्हाय का गं?” मी खाली बघत म्हणाले, “घरी नसती, बाई.” त्याच संध्याकाळी बाई किलोभर मटकी घेऊन आमच्या दारात. आई ओशाळली. “डाळ रोज शिजती, बाई. हिलाच आवडत न्हाय.” मी भिंतीला चिकटून उभी. बाई रागावल्या नाहीत. “ऱ्हाऊ द्या मटकी. मोड आणून घाला, खाईल ती.” मी खाल्ली.

बारावीला मी धाराशिवला खोली घेऊन राहत होते. दोन पेपरांमधल्या सुट्टीत गावी आले तर कळलं, बाईंना मूत्रपिंडाचा आजार झालाय. आईनं करून दिलेली उसळ घेऊन भेटायला गेले. बाईंचे पाय सुजले होते. “माझी प्रथिनं लघवीवाटं चाललीत गं,” धडा समजावल्यासारखं त्या म्हणाल्या. मूत्रपिंडांवर ताण नको म्हणून डॉक्टरांनी डाळी, कडधान्यं जवळजवळ बंद केली होती. मला ते माहीत नव्हतं. त्यांनी डब्याचं झाकण काढून नुसता वास घेतला आणि डबा माझ्याकडं सरकवला. “तू खा. मी बघते.”

मी खाऊ लागले. त्या बघत राहिल्या.

निघताना त्यांनी माझा हात धरला. “येत्या रविवारी येतीस?”

सोमवारी रसायनशास्त्राचा पेपर होता. “पेपर झाला की येते, बाई.”

“व्हय, आधी पेपर,” म्हणाल्या आणि हात सोडला.

पेपर चांगला गेला. तिथून थेट एसटीनं गावी आले, पिशवी टेकवली आणि बाईंकडं निघाले. आईनं दारातच अडवलं. बाई रविवारी सकाळी गेल्या होत्या. माझा पेपर बिघडू नये म्हणून मला कुणी कळवलं नव्हतं.