सलवारीवरचे काळे डाग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही कल्पनाला ओळखत नाही.

कल्पना माझ्याच शाळेत शिक्षिका. माहेर वेवजीचं. दोघी अंगानं भरपूर — रिक्षात मागे आम्ही बसलो की तिसरीला जागा नाही. दर रविवारी गियरच्या सायकली घेऊन डहाणूहून झाईपर्यंत जायचो. परतताना मांड्या सोलवटून निघायच्या. मग मी गुपचूप वापीला गेले आणि गादी लावलेली सायकलची पँट आणली. पुरुषांची, फोर एक्सेल. लेबल त्याच दिवशी कात्रीनं कापून टाकलं.

"कुठून घेतलीस गं? मला पण सांग ना," कल्पना म्हणाली.

"शिवून घेतली. तो शिंपी गेला आता गावाला. आपल्या मापाची तयार मिळतच नाही."

किती सहज बोलले मी. का? दुकान सांगितलं असतं तर माप कळलं असतं — आणि ते तिच्याइतकंच आहे, हे उघड झालं असतं. तिच्याशेजारी मी जरा बारीक दिसते, असं मला वाटायचं. तेवढ्यासाठी.

ती ढगळ सलवारच घालत राहिली. जुन्या सायकलींना चेनकव्हर असायचं, या सायकलींना नाही. मी मागे असायचे, म्हणून मला दिसायचं — सलवारीच्या उजव्या पायावर गियरच्या दातांचे तेलकट, काळे डाग. आधी काठाला दोन. पुढच्या रविवारी पाच. मग घोट्याच्याही वर. ती रबरबँड लावायची, तो पोटरीवरून निसटायचा. मला सगळं दिसत होतं — आणि मी गप्प होते. कशाची वाट बघत होते मी?

त्या रविवारी झाईहून तिच्या माहेरी निघालो होतो. वेवजीच्या अलीकडच्या उतारावर चेनमध्ये काहीतरी खटखटलं. मग सलवारीचा पाय चेनमध्ये ओढला गेला आणि आवाजच थांबला. ती सायकलीसकट रस्त्यावर कोसळली आणि मागून आलेला टेम्पो तिच्या पायावरून गेला.

जीव वाचला. तलासरीच्या दवाखान्यात सलवार कात्रीनं कापून काढली. उजवी टाच मात्र पुन्हा कधी नीट जमिनीला टेकली नाही.

परवा तिला भेटायला गेले. पाय उशीवर ठेवून बसली होती.

"माझंच चुकलं गं," ती म्हणाली. "एवढं धूड घेऊन कशाला बसले सायकलवर? तुझं वेगळं. तू बारीक आहेस माझ्यापेक्षा."

मी "हो" म्हणाले.